शिक्षेच्या आकड्यांत जात शोधताना

प्रश्न नेमका कोणता

१८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची फौजदारी अपिले एका ठिकाणी येऊ लागली. या बेंचसाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी अनेक दशके लढा दिला, तो मुंबईचे अंतर, खर्च आणि वेळ वाचावा म्हणून. पण सहा जिल्ह्यांच्या सत्र न्यायालयांची निकालपत्रे एका जागी तपासली जाऊ लागली की आणखी एक प्रश्न विचारायची सोय होते. सारख्या गुन्ह्यासाठी, सारख्या पुराव्यावर, सर्वांना सारखी शिक्षा होते का? होत नसेल, तर त्या फरकात आरोपीच्या जातीचा, जमातीचा किंवा धर्माचा वाटा किती? अमेरिकेत हाच प्रश्न वंशाच्या संदर्भात निदान पन्नास वर्षे आकडेवारीच्या साधनांनी तपासला जात आहे. आपल्याकडे हे काम गेल्या दहा-बारा वर्षांतले आहे. त्याची आजची स्थिती काय, कोणत्या भूमिका समोर आहेत आणि कोणते प्रश्न सुटायचे आहेत, याचा हा आढावा.

सुरुवातीला दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एखाद्या समाजाचे तुरुंगातले प्रमाण त्याच्या लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त असणे ही एक गोष्ट, आणि न्यायाधीशाने त्या समाजाच्या माणसाला इतरांपेक्षा कठोर शिक्षा देणे ही दुसरी. पहिली गोष्ट साध्या टक्केवारीने दिसते. दुसरी सिद्ध करायला बरीच मेहनत लागते. फिर्याद, अटक, कोठडी, जामीन, दोषारोपपत्र, साक्षी, निकाल, शिक्षा आणि अपील एवढे टप्पे ओलांडून आरोपी तुरुंगात स्थिरावतो आणि भेद यांपैकी कोणत्याही टप्प्यावर शिरू शकतो. उपलब्ध अभ्यास एकत्र वाचले तर त्यांतून एक निष्कर्ष पुढे येतो. केवळ शेवटच्या शिक्षेकडे पाहून पक्षपात शोधणे अपुरे आहे. प्रत्येक टप्प्याची नोंद हाती असेल तरच आकडे खरी साक्ष देतात आणि आपल्याकडे नेमकी तीच नोंद तुटक आहे.

पार्श्वभूमी: हजेरीपासून नोंदवहीपर्यंत

जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची कायदेशीर व्यवस्था भारतात होती, हा या प्रश्नाचा ऐतिहासिक पाया. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर भारतात आला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह इतरत्र लागू करण्याची वाट मोकळी झाली. अधिसूचित जमातींच्या माणसांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभ्या होत्या. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड या जातींवरची हजेरीची सक्ती उठवली. ब्रिटिश हद्दीतला कायदा रद्द व्हायला मात्र ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले. त्यानंतरही सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. त्यात जातीचे नाव नव्हते. परंतु पोलिसांच्या संशयितांच्या यादीत कोणाची नावे आधी जातात, या प्रश्नाला जुन्या सवयीचे उत्तर मिळत राहिले, अशी विमुक्त समाजांची तक्रार आजही आहे.

तुरुंगाच्या आतला भेद अगदी अलीकडे न्यायालयात पोचला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात निकाल देऊन, जातीवरून कैद्यांना कामे वाटून देणारे तुरुंग नियमावल्यांतले नियम रद्द केले आणि तुरुंगातल्या कैद्यांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारी संकलनाला या आदेशाची बाधा येणार नाही, असेही न्यायालयाने नंतर स्पष्ट केले. सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशावरून उत्तर प्रदेश सरकारने पोलिसांच्या कागदपत्रांतून आरोपीची जात वगळण्याचा निर्णय घेतला. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हे त्याला अपवाद ठेवले. भेदाचे साधन बनणारी नोंद पुसावी, असा या निर्णयांचा रोख आहे आणि त्यामागचे कारण सबळ आहे. पण जी नोंद पुसली जाते तिच्याशिवाय भेद मोजता येत नाही. आजच्या चर्चेतला सर्वात अवघड पेच हाच.

अमेरिकेतल्या अभ्यासांतून मिळालेले धडे

या विषयातला सर्वात गाजलेला अभ्यास जॉर्जिया राज्यातला. प्राध्यापक डेव्हिड बाल्डस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातले दोन हजारांहून अधिक खुनाचे खटले तपासले आणि गुन्ह्याच्या स्वरूपापासून आरोपीच्या पूर्वेतिहासापर्यंत २३० घटक हिशेबात घेतले. मृत व्यक्ती गोरी असेल तर मृत्युदंडाची शक्यता ४.३ पट वाढते, असे त्यांना आढळले. इथे आरोपीच्या वंशापेक्षा बळीचा वंश अधिक निर्णायक ठरला होता. वॉरन मॅक्लेस्की या कृष्णवर्णीय आरोपीने हा अभ्यास सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला. १९८७ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्याचे म्हणणे फेटाळले. आकडेवारी ग्राह्य धरली तरी मॅक्लेस्कीच्या स्वतःच्या खटल्यात कोणी हेतुपुरस्सर भेदभाव केला हे त्यातून सिद्ध होत नाही, असा बहुमताचा तर्क होता. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती लुईस पॉवेल निवृत्तीनंतर म्हणाले, की संधी मिळाली तर या खटल्यातले मत आपण बदलू. मॅक्लेस्कीला मात्र १९९१ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. समूहाविषयीचा पुरावा एका व्यक्तीच्या खटल्यात कितपत चालतो, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक देशातल्या अभ्यासकाला सोडवावा लागतो.

दुसरा धडा टप्प्यांचा. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १९८७ पासून शिक्षेची मार्गदर्शक कोष्टके आली, तरी तफावत संपली नाही. तिथल्या शिक्षा आयोगाच्या २०१७ च्या अहवालात, बाकी घटक समान धरूनही कृष्णवर्णीय पुरुषांच्या शिक्षा गोऱ्या पुरुषांपेक्षा १९.१ टक्क्यांनी लांब निघाल्या. २०२३ च्या अहवालात हा फरक १३.४ टक्के होता. हा भेद न्यायाधीशाच्या लेखणीतून येतो असे वाटणे साहजिक होते. परंतु सोन्जा स्टार आणि मारिट रेहावी यांनी २०१४ मध्ये अटकेपासून शिक्षेपर्यंतच्या नोंदी एकमेकींना जोडल्या. तेव्हा दिसले, की न उलगडणाऱ्या फरकाचा मोठा भाग सरकारी वकिलाने सुरुवातीला कोणते कलम लावले याच्याशी निगडित आहे. किमान सक्तीची शिक्षा असलेले कलम एकदा लागले की न्यायाधीशाचे हात बांधलेले असतात. शिक्षेचा टप्पा तेवढा तपासणाऱ्याने लावलेले कलम ‘गुन्ह्याची तीव्रता’ समजून समीकरणात धरले, तर पक्षपाताचा हा भाग त्याच्या नजरेतून निसटतो.

तिसरा धडा घाईच्या निष्कर्षांचा. इस्रायलमधल्या पॅरोल मंडळांवरचा २०११ चा एक अभ्यास जगभर गाजला. जेवणाच्या सुटीआधी न्यायाधीश कठोर होतात आणि सुटीनंतर सौम्य, असे त्यात म्हटले होते. लगेचच इतर संशोधकांनी दाखवले, की प्रकरणांचा क्रम सोडतीने ठरत नव्हता आणि वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणे बहुधा सत्राच्या शेवटी येत. आकडे तेच राहिले, अर्थ पार बदलला. न्यायालयातली कोणतीही तफावत पाहताना खटले त्या न्यायाधीशाकडे कसे आले, हे आधी विचारावे लागते ते यामुळे.

भारतातली आकडेवारी काय दाखवते

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. २०१९ च्या आकड्यांनुसार सिद्धदोष कैद्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण २१.७ टक्के, अनुसूचित जमातींचे १३.६ टक्के आणि मुस्लिमांचे १६.६ टक्के होते. न्यायाधीन म्हणजे कच्च्या कैद्यांत हीच प्रमाणे अनुक्रमे २१, १०.५ आणि १८.७ टक्के होती. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येतला त्यांचा वाटा १६.६, ८.६ आणि १४.२ टक्के. तिन्ही समूह तुरुंगात प्रमाणाबाहेर आहेत याबद्दल वाद नाही. वाद आहे तो अर्थाचा. मुस्लिमांचे प्रमाण कच्च्या कैद्यांत जास्त आणि सिद्धदोषांत कमी आहे. आदिवासींचे नेमके उलट आहे. मुस्लिमांविरुद्धचे खटले पुराव्याअभावी अधिक कोसळतात, असा पहिल्याचा अर्थ लावता येतो. त्यांना जामीन उशिरा मिळतो, असाही लावता येतो. आदिवासींना बचावासाठी चांगला वकील मिळत नाही, असा दुसऱ्याचा अर्थ होईल किंवा त्यांच्यावरचे गुन्हे लांब शिक्षेचे असतात, असाही होईल. या कोष्टकाच्या आधारे यांतला एकही अर्थ पक्का करता येत नाही.

याचे एक कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. ही गणना ३१ डिसेंबर या एका दिवसाची असते. दवाखान्यात एखाद्या दिवशी खाटा मोजल्या तर लांबणाऱ्या आजाराचे रुग्ण जास्त भरतात आणि वर्षभरात आलेल्या सगळ्या रुग्णांचे खरे चित्र त्यातून उमटत नाही, तसेच इथे घडते. जन्मठेपेचा कैदी पंधरा वर्षे मोजला जातो, तीन महिन्यांची शिक्षा झालेला बहुधा एकदाही मोजला जात नाही. शिवाय छेद म्हणून वापरायची लोकसंख्या अजून २०११ ची आहे. जातनिहाय गणना असलेली नवी जनगणना २०२७ ची संदर्भतारीख धरून होत आहे, तिचे आकडे आले की निदान हा दोष दूर होईल.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर दोन अभ्यास महत्त्वाचे ठरतात. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी १५ तुरुंगांतल्या ३३९ मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. बहुतेकांचा संघटित टोळ्यांशी संबंध नव्हता. गरिबी, अपुरे शिक्षण आणि कायदेशीर मदतीचा अभाव या गोष्टी त्यांच्यात सामाईक होत्या. दुसरा अभ्यास मृत्युदंडाचा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालासाठी देशातल्या ३८५ पैकी ३७३ फाशीच्या कैद्यांची माहिती गोळा झाली. त्यांतले ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते आणि २४.५ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे. महाराष्ट्रातल्या ३६ कैद्यांपैकी मात्र निम्मे अनुसूचित जाती-जमातींचे निघाले, तर राज्याच्या लोकसंख्येत या दोन्ही समूहांचा एकत्रित वाटा साधारण २१ टक्के आहे. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तरी ३६ ही संख्या लहान आहे आणि अशाच गुन्ह्यांत जन्मठेप झालेल्यांशी तुलना केल्याशिवाय हा फरक शिक्षेच्या टप्प्यावर पडला की आधीच्या, हे सांगता येत नाही. हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध झाल्याचा दावा अहवालानेही केलेला नाही.

पन्नास लाख खटल्यांचा अभ्यास

न्यायाधीशाच्या टप्प्यावर थेट बोट ठेवणारा भारतातला सर्वात मोठा अभ्यास ई-कोर्ट्‌सच्या माहितीवर उभा आहे. पॉल नोवोसाद, सॅम ॲशर, इलियट ॲश, डॅनियल चेन, बिलाल सिद्दिकी आणि सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ या काळातले पन्नास लाखांहून अधिक फौजदारी खटले गोळा केले. आरोपी आणि न्यायाधीश यांचा धर्म आणि लिंग त्यांच्या नावांवरून संगणकाने ओळखले. कोणता खटला कोणत्या न्यायाधीशाकडे जाईल हे बरेचसे योगायोगाने ठरते. गुन्हा कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत घडला आणि त्या वेळी तिथे कोण बदलून आले होते, यावर ते अवलंबून असते. हा योगायोग त्यांनी सोडतीसारखा वापरला. मुस्लिम आरोपीचा खटला मुस्लिम न्यायाधीशासमोर गेला किंवा स्त्री आरोपीचा स्त्री न्यायाधीशासमोर, तर सुटकेची शक्यता वाढते का? उत्तर जवळजवळ शून्य आले. इतर देशांतल्या बहुतेक अभ्यासांत आढळलेल्या पक्षपाताच्या एक पंचमांशाएवढा परिणामही या आकड्यांत बसत नव्हता.

हा निष्कर्ष भारतीय न्यायव्यवस्थेच्या बाजूने जातो आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. आपल्या माणसाला झुकते माप देण्याची वृत्ती कनिष्ठ न्यायालयांत सर्रास असती, तर एवढ्या प्रचंड संख्येत ती लपली नसती. मात्र त्याच्या मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत. ही चाचणी ‘आपला’ आणि ‘परका’ या फरकाची आहे. सर्वच न्यायाधीश, त्यांचा धर्म कोणताही असो, एखाद्या समाजाशी सारखेच कठोर वागत असतील तर चाचणीचे उत्तर शून्यच येईल. तिचा मुख्य मोजदंड सुटका किंवा दोषसिद्धी हा आहे, शिक्षा किती वर्षांची झाली हा नाही. जातीचा प्रश्न तर नावांवरून धर्माइतक्या खात्रीने सुटत नाही. आणि जे खटले न्यायाधीशासमोर आले त्यांचाच हा हिशेब आहे. कोणाला अटक झाली आणि कोणाला समज देऊन सोडले, हे त्याच्या कक्षेबाहेरच राहते. कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांच्या २०१९ च्या पाहणीत निम्म्या पोलिसांनी, मुस्लिम स्वभावतः हिंसेकडे झुकण्याची कमी-अधिक शक्यता असते, असे मत दिले होते. मत म्हणजे कृती नव्हे, हे खरे. पण टप्प्यांच्या साखळीत पोलिसांची कडी न्यायाधीशाच्या बरीच आधी येते.

तीन भूमिका

आजच्या चर्चेत ढोबळमानाने तीन भूमिका दिसतात. पहिली भूमिका म्हणते, की प्रमाणबाह्यता हीच पुरेशी साक्ष आहे. शतकानुशतकांची विषमता असलेल्या समाजात तुरुंगात दलित, आदिवासी आणि मुस्लिम जास्त दिसतात, याला आणखी पुरावा कशाला? १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात बहुमताने मृत्युदंड वैध ठरला, तेव्हा न्यायमूर्ती भगवती यांनी भिन्नमत नोंदवले. १९८२ मध्ये दिलेल्या त्याच्या कारणांत ही शिक्षा प्रत्यक्षात गरीब आणि वंचितांवरच पडते हा मुद्दा ठळक होता. या भूमिकेचे बळ असे, की ती परिणामाकडे पाहते. ज्याला वर्षानुवर्षे कोठडीत राहावे लागले त्याला हेतू कोणाचा होता याने फरक पडत नाही. तिची उणीव अशी, की ती दुरुस्ती कुठे करायची हे सांगत नाही.

दुसरी भूमिका म्हणते, की हा प्रश्न जातीचा नसून गरिबीचा आहे. चांगला वकील, जामीनदार, साक्षीदार टिकवण्याची ताकद या पैशाच्या गोष्टी आहेत आणि सवर्ण गरीबही तितकाच भरडला जातो. यात तथ्य आहे. मृत्युदंडाच्या अहवालातही सर्वात ठळक समान धागा गरिबीचाच होता. पण गरिबीचा घटक बाजूला काढल्यावर जातीचा परिणाम उरतो की नाही, हे मोजण्यासाठी दोन्हींची नोंद लागते आणि आपल्या न्यायालयीन नोंदीत उत्पन्नही नाही, जातही नाही. शिवाय काही नियम दिसायला तटस्थ असतात आणि त्यांचा भार एकाच बाजूला पडतो. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडताना, आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला न्यायालयाच्या हद्दीत कायमचे राहते घर किंवा नियमित व्यवसाय आहे, याची न्यायाधीशाने खात्री करायची असते. सातबारा नसलेल्या, पालावर राहणाऱ्या फासेपारधी किंवा कैकाडी कुटुंबाला ही अट कशी पेलवणार? जामिनासाठी ऐपतदार स्थानिक जामीनदार मागितला जातो तिथेही हेच घडते. इथे गरिबी आणि जमात एकमेकींपासून सोडवता येत नाहीत आणि न्यायाधीशाच्या मनात कसलाही आकस असण्याची गरजही पडत नाही.

तिसरी भूमिका न्यायसंस्थेच्या आतली आहे. प्रत्येक खटला वेगळा असतो. साक्षीदाराचा चेहरा, पश्चात्ताप, गुन्ह्यामागची परिस्थिती कोष्टकात मावत नाही, म्हणून आकड्यांच्या तराजूत निकाल घालू नयेत, शिवाय अशा अभ्यासांनी लोकांचा विश्वास ढळतो, असा तिचा आक्षेप आहे. फ्रान्सने २०१९ मध्ये न्यायाधीशांच्या नावानिशी त्यांच्या निकालांचा कल काढणे गुन्हा ठरवले, ते याच काळजीपोटी. वैयक्तिक न्यायाधीशाची यादी करून त्याला लक्ष्य करण्याचा धोका खरा आहे आणि तो टाळलाच पाहिजे. पण खटल्यांचे वेगळेपण हा मोजणीला अडथळा नाही. वेगळेपण दोन्ही समूहांत सारखेच विखुरलेले असेल तर हजारो खटल्यांत ते एकमेकांना छेद देते आणि उरतो तो पद्धतशीर फरक. विश्वासाचे म्हणाल, तर वरचा पन्नास लाख खटल्यांचा अभ्यास न्यायाधीशांच्या बाजूने साक्ष देतो, हे विसरता येत नाही. मोजले नसते तर ही साक्ष मिळाली नसती.

आडनावाची अडचण

जातीची नोंद नसताना संशोधक आडनावाचा आधार घेतात. महाराष्ट्रात, त्यातही कोल्हापूर परिसरात, ही वाट फसवी आहे. कांबळे या आडनावावरून अंदाज बहुधा बरोबर येईल. पण पाटील मराठा असेल, जैन असेल, लिंगायत असेल, या भागात मुस्लिमही असेल. देसाई आणि जमादार यांचेही तसेच. जाधव, मोरे, गायकवाड ही आडनावे मराठा समाजात आहेत आणि अनुसूचित जातींतही आहेत. पवार, भोसले, चव्हाण, काळे ही आडनावे पारध्यांत सर्रास आढळतात. संगणकाने अशा वेळी बहुसंख्येच्या बाजूने कौल दिला तर सर्वाधिक संशय सोसणारा समाज सर्वात मोठ्या समाजात विरघळून जातो आणि दोन गटांतला फरक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. अशा पद्धतीने ‘फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष आला तर तो भेद नसल्याचा पुरावा मानता येत नाही. गुन्हे नोंद विभागाच्या अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास आणि इतर या चार रकान्यांतही विमुक्त-भटक्यांना स्वतंत्र जागा नाही. ज्या समाजांसाठी हजेरी होती, त्यांच्याविषयीच आजचे आकडे सर्वात कमी बोलतात.

निकालपत्रांचीही अडचण आहे. राष्ट्रीय न्यायिक माहिती संचावर खटल्याचा क्रमांक, कलमे आणि तारखा सहज मिळतात. शिक्षा किती झाली, ती कोणत्या कारणाने कमी केली, आरोपीला वकील विधी सेवा प्राधिकरणाचा होता की खासगी, हे मात्र निकालपत्राच्या मजकुरात असते. तालुका आणि जिल्हा न्यायालयांतली पुष्कळ निकालपत्रे मराठीत असतात आणि जुनी तर स्कॅन केलेली. न्यायालयीन मराठी वाचून त्यातली शिक्षा अचूक टिपणारी साधने अजून इंग्रजीइतकी तयार नाहीत. त्यात एकाच खटल्याचे उत्तर काळानुसार बदलते. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात सत्र न्यायालयाने २००१ मध्ये दोन बहिणींना दिलेली फाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली आणि २०२२ मध्ये दयेच्या अर्जावरील विलंबामुळे उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. अशा खटल्याची शिक्षा कोणत्या टप्प्यावरची धरायची, हे आधी ठरवल्याशिवाय तुलना सुरूच करता येत नाही.

बळीची बाजू

आपल्याकडचे बहुतेक अभ्यास आरोपीच्या ओळखीभोवती फिरतात. जॉर्जियाच्या अभ्यासाने बळीची ओळख अधिक निर्णायक ठरू शकते हे दाखवले, त्या दिशेने आपण फार थोडे गेलो आहोत. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषसिद्धीचे प्रमाण २०२० मध्ये ३९.२ टक्के होते, ते २०२२ मध्ये ३२.४ टक्क्यांवर आल्याचे सरकारी अहवालात नमूद आहे. एक बाजू याचा अर्थ खोट्या तक्रारी असा लावते, दुसरी बाजू फितूर साक्षीदार आणि कच्चा तपास असा. दोन्ही अर्थ या एका टक्केवारीत बसतात. खैरलांजीतल्या दलित कुटुंबाच्या आणि कोपर्डीतल्या मराठा मुलीच्या हत्येच्या खटल्यांची तुलना करून निष्कर्ष काढण्याची सवयही चर्चेत दिसते. पण दोन खटले, कितीही भीषण असले तरी, कल सिद्ध करू शकत नाहीत. त्यासाठी सारख्या कलमांखालचे, बळी दलित असलेले आणि नसलेले शेकडो खटले शेजारी ठेवावे लागतील आणि साक्षीदार कोणत्या टप्प्यावर फिरले, हेही पाहावे लागेल.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न मोजपट्टीचा. भारतात शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वे नाहीत. मळीमठ समितीने २००३ मध्ये आणि माधव मेनन समितीने २००८ मध्ये त्यांची गरज सांगितली होती. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वंकष शिक्षा धोरणाचा विचार करावा असे केंद्राला सुचवले. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या कलमाखाली सहा महिनेही योग्य आणि सहा वर्षेही योग्य असतील, तर ‘जास्त’ कशाच्या तुलनेत म्हणायचे? कोष्टक आणले तर तुलना सोपी होते, पण अमेरिकेचा अनुभव सांगतो, की भेद मग कलम लावणाऱ्याच्या टेबलाकडे सरकतो. दुसरा प्रश्न पूर्वेतिहासाचा. आधीचे गुन्हे असलेल्याला अधिक शिक्षा हे तत्त्व सर्वमान्य आहे, म्हणून अभ्यासक तो घटक समान धरतात. पण एखाद्या वस्तीत प्रत्येक चोरीनंतर त्याच पोरांना उचलले जात असेल, तडीपारीच्या नोटिसा त्याच घरांत जात असतील, तर तो पूर्वेतिहास स्वतःच भेदाची निर्मिती असू शकतो. तो धरला तर पक्षपात झाकला जातो, सोडला तर खरा फरकही पक्षपात वाटतो. यावर सर्वमान्य तोडगा अजून नाही.

तिसरा प्रश्न यंत्रांचा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवले, की पुन्हा गुन्हा न करणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना एका संगणकीय प्रणालीने धोकादायक ठरवले होते, गोऱ्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. प्रणाली बनवणाऱ्यांचे उत्तर असे, की दिलेल्या गुणांचा अर्थ दोन्ही समूहांत सारखाच आहे. नंतर गणितज्ञांनी सिद्ध केले, की दोन समूहांतले मूळ प्रमाण वेगळे असेल तर न्याय्यतेच्या या दोन्ही कसोट्या एकाच वेळी पाळणे जवळपास अशक्य आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पोलीस कामासाठी ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची संस्था उभारली. जुन्या नोंदींवर शिकणारी साधने इथे रुजण्याआधी कोणती न्याय्यता आपल्याला हवी, हे ठरायला हवे.

निष्कर्ष

आढाव्यातून हाती येते ते असे. तुरुंगातली प्रमाणबाह्यता निर्विवाद आहे. न्यायाधीश आपल्या धर्माच्या आरोपीला झुकते माप देतात, या आरोपाविरुद्ध भक्कम पुरावा आहे. जातीविषयी आणि शिक्षेच्या लांबीविषयी दोन्ही बाजूंना पुरेसा पुरावा नाही. आणि पोलीस, जामीन, जामीनदार, वकील या आधीच्या टप्प्यांवर भेद शिरण्याच्या वाटा सर्वात रुंद दिसतात, पण त्याच सर्वात कमी मोजल्या गेल्या आहेत. म्हणून जातीच्या रकान्याचा पेच दोन नोंदी वेगळ्या ठेवून सोडवणे योग्य ठरेल. तपासी अंमलदार, तुरुंगाधिकारी आणि न्यायाधीश यांच्या हातातल्या कागदावर जात नसावी. संशोधनासाठीच्या, नावे काढून टाकलेल्या स्वतंत्र नोंदीत ती असावी आणि तिथे विमुक्त-भटक्यांचा रकाना वेगळा असावा. न्यायाधीशांची नावे त्या नोंदीत असण्याची गरज नाही. सहा जिल्ह्यांची अपिले येणारे सर्किट बेंच, शिवाजी विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आणि विधी महाविद्यालये एकाच शहरात असल्याने अशा नोंदीचा पहिला प्रयोग कोल्हापुरात होऊ शकतो. उच्च न्यायालयाची परवानगी आणि शिक्षेचा तपशील टिपणारा एक ठरावीक नमुना, एवढ्यावर त्याची सुरुवात करता येईल.